आकडा कमी झाला न, भाऊ?

जुलै संपत आला होता, बाहेर धो धो पाऊस अन् आमची लॅब बंद करायची वेळ. तेवढ्यात एक बाई काउंटरवर आल्या, रेनकोटातून पाणी टपटप गळतंय, आतून प्लास्टिकची पिशवी काढली अन् त्या पिशवीतून दोन रिपोर्ट. एक आमचाच, दुपारीच निघालेला. दुसरा दोन वर्षांपूर्वीचा, कुठल्या तरी दुसऱ्या लॅबचा, घडीवर फाटत आलेला, एका कोपऱ्यावर हळदीचं बोट. दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले, तळहाताने सरळ केले अन् एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे कमी होऊन राहिलं न?" ओळ होती गॅड सिक्स्टीफाइव्ह अँटिबॉडीची. जुन्या कागदावर चारशेच्या वर, नव्यावर दीडशेच्या आसपास. पोरगा अकरा वर्षांचा, टाइप वन डायबेटिस. मी म्हटलं, "ताई, डॉक्टरांना दाखवा." हे वाक्य आम्हाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाठ करायला लावतात. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "इन्शुलिन चालू आहे न पण?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काय मूर्खासारखं विचारलं. "बंद कसं करीन भाऊ? मले समजते न. वर्ध्याकडून जांभळाच्या बियांची पावडर आणतो, ते वेगळं. पण काहीतरी एक कमी झालं का नाही?"

एवढं बोलून रिपोर्ट पुन्हा पिशवीत घालून त्या पावसात गेल्या. जाताना हसत होत्या.

मी धंतोलीत एका लॅबमध्ये रक्त काढतो. नागपूरच्या माणसाला धंतोली म्हणजे काय हे सांगायला नको, एका गल्लीत जेवढी हॉस्पिटलं तेवढी कुठल्या गावात किराणा दुकानं नसतील. सकाळी सहा-साडेसहापासून रांग. उपाशीपोटी आलेले लोक, त्यांच्या समोरच तर्री-पोह्याचा ठेला, तर्रीचा तो तिखट वास दारातून सरळ आत येतो, अन् डायबेटिसवाले काका एका हाताने कापूस दाबून धरत दुसऱ्या हाताने प्लेटची ऑर्डर देतात, हे रोजचं. मोठ्या माणसांचं काही वाटत नाही आता. पण लहान पोट्टे आले की वेगळं असतं. टाइप वनची पोरं लगेच ओळखू येतात, कारण ती रडत नाहीत. बाकीची पोरं सुई दिसली की छत डोक्यावर घेतात, ही शांतपणे हात पुढे करतात अन् वर सांगतात, "डाव्या हाताची शीर भेटत नाही, उजव्यातून घ्या." काही जण तर कुठली ट्यूब कशाची हेपण सांगतात. जांभळं झाकण तीन महिन्यांच्या शुगरचं, करड्या झाकणाची आत्ताच्या शुगरची, पिवळी बाकी सगळ्याची. एवढुशा पोराला हे माहीत असू नये असं मला दर वेळी वाटतं, अन् दर वेळी मी त्याला "शाब्बास" म्हणतो.

पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमधूनच ती अँटिबॉडी निघते. आता हे मी सांगतोय ते डॉक्टर म्हणून नाही, रोज मशीनजवळ उभं राहून, आमच्या लॅबच्या मॅडमला विचारून विचारून, रात्री वाचून जे कळलं ते. टाइप वनमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारक फौज स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उठते, हे आजकाल बऱ्याच आईबापांना माहीत असतं. पण त्यांना वाटतं की ही अँटिबॉडीच पेशी मारतेय. तसं नाहीये. मारणाऱ्या मुख्यतः टी-सेल, म्हणजे त्या फौजेतल्याच पेशी, त्या आमच्या ट्यूबमध्ये पकडता येत नाहीत, निदान धंतोलीत तरी नाही. अँटिबॉडी म्हणजे पोलीस स्टेशनात नोंदवलेली एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार आहे. भांडण झालं, कोणाकोणात झालं, एवढं त्या कागदावरून कळतं. एनसी दोन पानांची आहे की अर्ध्या पानाची, यावरून डोकं किती फुटलं ते कळत नाही. अन् दोन वर्षांनी त्या एनसीची शाई फिकी पडली म्हणून डोकं भरून आलं असंही होत नाही. त्या बाईंचा चारशेचा दीडशे झाला तो असाच. मारायला पेशीच फारशा उरल्या नाहीत की बरेचदा आकडा आपोआप उतरतो, काहींचा वर्षानुवर्षं तसाच राहतो, त्याने उपचारात काडीचा फरक पडत नाही. त्यात दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळे किट, त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचेच नसतात खरं तर. निदान एकदा झालं की ही टेस्ट परत करायची काही गरज नसते, पण कोणी पैसे देऊन फॉर्मवर टिक करून आणलं तर काउंटरवरचा माणूस काय बोलणार.

या अँटिबॉडींची गोष्ट मला स्वतःला फार आवडते, म्हणजे आजार बाजूला ठेवून. १९७४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पहिल्यांदा दाखवलं की अशा पेशंटच्या रक्तातलं काहीतरी बीटा पेशी असतात त्या स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पुंजक्यांना जाऊन चिकटतं. मग बरीच वर्षं सगळ्यांना एवढंच माहीत की चौसष्ट हजार डाल्टन वजनाचं एक प्रोटीन आहे, अँटिबॉडी त्याच्याविरुद्ध आहे, पण ते प्रोटीन आहे कोण ते कळेना. ते कळलं भलत्याच आजारामुळे. अंग लाकडासारखं कडक होत जाणारा एक दुर्मिळ आजार आहे, त्या पेशंटच्या रक्तात मेंदूतल्या गॅड नावाच्या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, अन् त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना डायबेटिसही होता. त्या धाग्यावरून १९९० मध्ये लागला पत्ता, स्वादुपिंडातला तो चौसष्टवाला म्हणजे हाच गॅड. पुढे आयए-टू नावाची अँटिबॉडी आली, २००७ मध्ये झिंक ट्रान्सपोर्टर एटविरुद्धची आली. इन्शुलिनविरुद्धचीही एक असते, पण तिची गंमत अशी की इंजेक्शन सुरू होऊन दोनेक आठवडे झाले की ती टेस्ट बिनकामाची, कारण बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनविरुद्धही शरीर अँटिबॉडी बनवतं, मग कोणती आधीची अन् कोणती नंतरची कोण सांगणार.

एवढं सगळं शोधून काढलं माणसांनी. अन् तरी काउंटरवर येणारी आजी सुनेकडे बघून म्हणतेच, "लहानपणी लाडानं गोड खाऊ घातलं, त्याचं फळ."

गोड खाल्ल्याने टाइप वन होत नाही. एचएलए नावाच्या काही जीन्स जोखीम वाढवतात, काही व्हायरसवर संशय आहे, पण पहिली ठिणगी नेमकी कशाने पडते याचं पक्कं उत्तर कोणाकडेच नाही. पहिली अँटिबॉडी बरेचदा पोर वर्ष-दोन वर्षांचं असतानाच रक्तात आलेली असते, म्हणजे आजीने ज्या पेढ्यांचा हिशेब मांडला ते खायच्याही आधी. हे मी एका आजीला सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मग गरोदरपणात खाल्लं असंल." यावर मी काय बोलणार, पुढचा नंबर पुकारला.

आता सी-पेप्टाइड. हा मला सगळ्यात नावडता आकडा. एक तर त्याची कटकट, रक्त काढलं की लवकर सेंट्रीफ्यूज करा, सिरम थंड ठेवा, मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत कामठीहून नाहीतर उमरेडहून सॅम्पल बाइकवर येणार, डब्यातला बर्फ पाणी झालेला, मग ते परत पाठवा, पोराला परत टोचा. पण नावडतं असण्याचं कारण ते नाही. शरीर इन्शुलिन बनवतं तेव्हा आधी एक लांब साखळी बनते, ती तुटून एक इन्शुलिन अन् एक सी-पेप्टाइड, अगदी जोडीने बाहेर पडतात. ती लांब साखळी १९६७ मध्ये शिकागोच्या डोनाल्ड स्टायनरनी शोधली. इन्शुलिन रक्तातून काही मिनिटांत उडून जातं, सी-पेप्टाइड बऱ्यापैकी टिकतं, आणि मुख्य म्हणजे बाटलीतल्या इन्शुलिनमध्ये ते नसतंच. म्हणजे रक्तात जेवढं सी-पेप्टाइड तेवढं पोराचं स्वतःचं, घरचं इन्शुलिन. शून्य पॉइंट सहाच्या खाली गेलं की घरचं जवळजवळ संपलं असं धरतात. अर्थात त्याच वेळची शुगर सोबत पाहायची असते, शुगर कमी असताना घेतलं तर स्वादुपिंड तसंही गप्पच बसलेलं असतं. तर हा आकडा दर वेळी आधीपेक्षा खाली. माझ्या हातून एकाच पोराची ट्यूब कधी वर्षाने कधी दोन वर्षांनी जाते, बारकोड लावताना जुना आकडा स्क्रीनवर दिसतो अन् मला आधीच माहीत असतं की आज काय येणार. घरच्यांना माहीत नसतं. ते बाकड्यावर बसून मोबाइलवर पोराला कार्टून दाखवत असतात.

आणि सुरुवातीचे काही महिने तर हा आकडा दगाच देतो. इन्शुलिन सुरू झालं की उरलेल्या पेशींना जरा उसंत मिळते, त्या पुन्हा कामाला लागतात, डोस उतरत उतरत दोन-चार युनिटवर येतो. डॉक्टर याला हनिमून म्हणतात, कोणी ठेवलं हे नाव देव जाणे. त्या दिवसांत घरात सण असतो. टेकडीच्या गणपतीला नारळ फुटतो, ताजबागला चादर चढते, कोणाची तरी पावडर "लागू पडते", अन् एखादं घर इन्शुलिन बंदसुद्धा करून टाकतं. मग एका रात्री पोरगा जोरजोरात श्वास घेत, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास मारत, सरकारी मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत. त्या पावसातल्या बाईंना मी इन्शुलिनचं विचारलं ते याच्यामुळे. मात्र हेही खरं की थोडंसं उरतं. बोस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरवाल्यांनी पन्नास वर्षांहून जास्त काळ इन्शुलिनवर असलेली माणसं तपासली तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत सी-पेप्टाइडचा अंश अजून सापडला. पन्नास वर्षांनंतर! हे वाचलं त्या दिवशी मला उगाचच फार बरं वाटलं, दिवसभर सगळ्यांशी गोड बोलत होतो.

जांभळ्या ट्यूबचं मात्र एक वेगळंच प्रकरण आहे. एचबीएवनसी म्हणजे घराघरात मार्कशीट झालीय. लाल पेशी साधारण एकशेवीस दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते हा आकडा सांगतो, १९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युअल रहबर यांना डायबेटिसच्या पेशंटमध्ये हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं तिथून हे सुरू झालं. कामाची टेस्ट आहे, वाद नाही. अमेरिका अन् कॅनडात १४४१ टाइप वनवाल्यांना सरासरी साडेसहा वर्षं पाहिलं, अर्ध्यांचा आकडा सातच्या आसपास ठेवला, बाकीच्यांचा नऊच्या आसपास राहिला, अन् १९९३ मध्ये निकाल आला की सातवाल्यांत डोळ्याचा पडदा बिघडायची सुरुवात ७६ टक्क्यांनी कमी. त्यामुळे डॉक्टर सात-सात करतात ते बरोबरच. पण आमच्या काउंटरवर काय होतं, रिपोर्ट हातात पडला की बाप तिथेच, वीस लोकांसमोर, "साडेनऊ? काय खाल्लं बे तू?" अन् तेरा-चौदा वर्षांचं पोट्टं बुटाच्या लेसकडे बघत उभं. त्या वयात वाढीचे हार्मोन्स इन्शुलिनला कामच करू देत नाहीत, तोच डोस, तेच जेवण, तरी शुगर वर. हे बापाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण कागदावर ठळक एच, म्हणजे 'हाय', दिसला की सांगितलेलं सगळं पुसलं जातं.

त्यात आपला विदर्भ. इथे सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, किती आहे हे मी सांगायची गरज नाही, कोणाच्या ना कोणाच्या घरात सिकलसेलचं कार्ड असतंच. सिकलसेलच्या आजारात लाल पेशी एकशेवीस दिवस टिकतच नाहीत, लवकर मरतात, मग साखर चिकटायला वेळच मिळत नाही अन् एचबीएवनसी खोटंच कमी येतं. एकदा भंडाऱ्याकडची एक पोरगी आली होती, घरच्या मशीनवर शुगर कायम अडीचशेच्या पुढे, अन् आकडा आला सहाच्याही खाली. घरचे खूश, दुसरं कोणी असतं तर पेढे वाटले असते. आमच्या मॅडमनी मशीनचा ग्राफ पाहिला, एसच्या, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनच्या जागी भलामोठा डोंगर, रिपोर्ट थांबवला, डॉक्टरांना फोन केला अन् फ्रुक्टोसामीन नावाची टेस्ट सांगितली, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या शुगरचं सांगते अन् तिला लाल पेशींशी घेणंदेणं नाही. उलट लोहाच्या कमतरतेने जो पंडुरोग होतो त्यात आकडा खोटाच वर जातो, म्हणजे ज्या पोरीने कटाक्षाने पथ्य पाळलं तिलाच घरी बोलणी. पुण्या-मुंबईत कदाचित हा विचार रोज करावा लागत नसेल, आम्हाला लागतो.

मला काय खुपतं सांगू? रिपोर्टचा कागद. त्याच्यावर सगळे आकडे एकाच साच्यात. नाव, आकडा, नॉर्मल किती, अन् बाहेर असला की ठळक करून बाजूला एच किंवा एल. गॅडचा एच अन् एचबीएवनसीचा एच दिसायला सारखाच. आता यातला एक आकडा तुमच्या हातात थोडाफार आहे, दुसरा अजिबात नाही, तिसरा तर फक्त शिल्लक किती ते सांगणारा. पण कागद तिघांनाही एकाच सुरात "चूक" म्हणतो. मग माणूस काय करणार, तिन्ही सुधारायला धावतो. एकदा मॅडमना म्हटलं, अँटिबॉडीच्या खाली एक ओळ टाका न मराठीत, की हा आकडा कमी-जास्त करायचा नसतो, परत तपासायचा नसतो. त्या म्हणाल्या, सॉफ्टवेअर वरून येतं, आपल्याला ओळ टाकता येत नाही. फिनाइलच्या पाण्याने लादी पुसावी तसं पुसून टाकलं त्यांनी ते, पण मी अजून त्यांच्या मागे आहे.

अन् त्या बाई. बरेच दिवस मी त्यांच्याबद्दल असा विचार करत होतो की त्यांना समजलं नाही, कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. मग हळूहळू वाटायला लागलं की त्यांना बरंचसं समजलं होतं. इन्शुलिन त्या बंद करणार नव्हत्या. रात्री दोनला उठून पोराच्या बोटाला टोचणारी, लाइट गेली की इन्शुलिन ओल्या माठात ठेवणारी, तान्ह्या पोळ्याला घरोघर मिळणाऱ्या खाऊतलं काय अन् किती युनिट हे मनात मांडणारी बाई ती, तिला मी काय शिकवणार. दोन वर्षं तिने फक्त वर जाणारे नाहीतर तिथेच अडलेले आकडे पाहिले होते. तिला एक उतरणारा आकडा पाहिजे होता, तो तिने पैसे मोजून विकत घेतला. जांभळाच्या पावडरीचं मला आवडलं नाही, अजूनही नाही. पण तो कागद खोटा आहे असं त्या पावसात तोंडावर सांगायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

ज्या घरात या अँटिबॉडीचा खरा उपयोग आहे तिथे मात्र ती कोणी मागत नाही. आजार झालेल्या पोराला तिचा उपयोग निदानापुरता, पण त्याच्या धाकट्या भावा-बहिणीला खूप. अजून काहीच झालेलं नसतं, शुगर नॉर्मल असते, अन् तरी रक्तात दोन किंवा जास्त प्रकारच्या अँटिबॉडी सापडल्या तर अशा पोरांपैकी साधारण सत्तर टक्क्यांना दहा वर्षांत डायबेटिस होतो. एकच सापडली तर जोखीम बरीच कमी. २०२३ मध्ये इटलीने कायदाच केला की सगळ्या पोरांची ही तपासणी करायची. टेप्लिझुमॅब नावाचं एक औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, चौदा दिवस रोज सलाइनमधून, अँटिबॉडीवाल्या अन् शुगर नुकतीच हलायला लागलेल्या लोकांत ते आजार सरासरी दोनेक वर्षं पुढे ढकलतं. तिथे त्या एका कोर्सची किंमत एक लाख नव्वद हजार डॉलरच्या पुढे, त्यामुळे आपण त्याबद्दल बोलायचं नाही. मग आपल्याकडे कळून करायचं काय, हा प्रश्न उरतोच, अन् मी स्वतः कधी या बाजूला असतो कधी त्या. धाकटं पोरगं अंगणात सायकल चालवतंय, त्याच्याकडे दहा वर्षं संशयाने बघत राहायचं, पाणी जास्त प्यायलं की दचकायचं, हे काही जगणं नाही.

मागच्या महिन्यात एक कुटुंब आलं होतं, आजोबा, सून अन् पाच वर्षांची पोरगी. मोठ्या भावाला टाइप वन. सुनेने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, आजोबांना पसंत नव्हतं. "माहीत होऊन काय करशील बापा? तिले आतापासून आजारी करून टाकशील." सून शांतपणे म्हणाली, "बाबा, मोठ्याच्या वेळी उलट्या सुरू झाल्या तर आपण दोन दिवस गॅसची गोळी देत बसलो. चार दिवस आयसीयूत होता. या वेळी पहिल्याच उलटीला शुगर तपासीन, एवढंच करायचं आहे मला." आजोबा काही बोलले नाहीत. मी फॉर्म घेतला, चारही अँटिबॉडींवर टिक केली, पोरीने खुर्चीत बसल्या बसल्या हात मागे लपवला. तेव्हा आजोबा उठले, पाकीट काढलं अन् मला म्हणाले, "पैसे मी देतो. पण रिपोर्ट मले दाखवजो नको."